मॅडम, शांत राहा!

शांत राहा म्हणे, शांत! अहो, सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? तुम्हाला सांगते, सातवा महिना लागल्यापासून इतक्या लोकांनी मला शांत राहायला सांगितलंय, की आता कुणी नुसतं ‘शां’ म्हटलं तरी कानशिलं ठणकायला लागतात माझी! बसा ना, बसा तुम्ही, ही खुर्ची रिकामीच आहे. माझं एकदा मोजून झालंय. सिस्टर म्हणाल्या, ‘प्रेशर फार आलंय, जरा बाहेर बसा, परत मोजू.’ आणि परत तेवढंच आलं तर आजच भरती! भरती होऊनही उतरलं नाही, तर बाळ आत्ताच बाहेर काढायचं... सातव्या महिन्यात हो! आणि हे सगळं सांगून वर काय म्हणाल्या असतील? ‘शांत राहा!’

कशी राहू? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते मी! म्हणजे काय, तर ज्याला काही येत नाही त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपण शेजारी हसतमुखानं बसायचं. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तेवढाच काय तो आधार. पण पोट पुढे आलं, म्हणून सीट मागे सरकवली, आणि आता पाय जेमतेम पोचतो, अंगठ्यानं दाबते मी ब्रेक, अंगठ्यानं! मालकांकडे रजा मागितली तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला तर नुसतं बसायचंच असतं!’

कालचंच ऐका. एक रिटायर्ड साहेब आहेत, फार सज्जन, पहिल्यांदाच गर्दीच्या रस्त्यावर आणलेले. पुढे बस थांबली. मी म्हटलं, ‘साहेब, ब्रेक... साहेब, ब्रेक... अहो साहेब, ब्रेक!!’ तर त्यांनी काय करावं? दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, माझ्याकडे अख्खे वळले, आणि अगदी वडिलांच्या मायेनं म्हणाले, ‘मॅडम, या दिवसांत असं ओरडू नये. शांत राहा.’ आणि बस ही एवढ्यावर! मी सीटवरून अर्धी खाली घसरले, पाय लांबवला, दाबला... थांबली गाडी कशीबशी. तर साहेब खूश! ‘बघा, थांबली की नाही आपोआप?’ आपोआप!!

घरी जावं, तर घरी सासूबाई. मला त्रास नको म्हणून हल्ली चोरपावलांनी चालतात. मी आपली खिडकीशी उभी असते, आणि मागून अचानक कानाशी, ‘शांत राहा हं!’ अशी दचकते मी, अशी दचकते! आणि नवरा? तो तर माझ्याशी पेशंटला भेटायला आल्यासारखाच बोलतो. परवा मी मुद्दाम भांडण काढलं, ओला टॉवेल पलंगावर का टाकलास म्हणून, जरा मोकळं वाटेल म्हटलं. तर म्हणतो, ‘बरोबर आहे तुझं.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी बरोबर नव्हतं हो माझं! म्हटलं, डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन काय सांगितलंय असं?

आणि आज तर कमालच. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, तो फुगायला लागला, आवळायला लागला, मी त्या आकड्यांकडे बघतेय, चढतायत, चढतायत... आणि सिस्टर एकदम, ‘अहो, पाय कशाला रोवताय?’ बघते तर पाय फरशीवर गच्च दाबलेला, मांडीपर्यंत ताठ! ब्रेक मारत होते हो मी! आणि सिस्टर म्हणतात, पाय असा ताणला की आकडा उलट चढतो. घ्या! म्हणजे आतापर्यंतचे सगळे आकडे मीच चढवले की काय, का खरंच चढलंय, काही कळायला मार्ग नाही.

हसा, हसा. मीही हसले. पण खरं सांगू? मागच्या खेपेला मी याच दारातून रिकाम्या हातांनी घरी गेले. घरात तो विषय कुणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. त्यांना वाटतं, बोललं नाही की मी विसरेन. अहो, विसरते कुठली? रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पोटावर हात ठेवते आणि वाट बघते, हललं का... हललं का... आणि हललं की मग कुठे माझा दिवस उजाडतो. एवढं बोलले तुमच्यापाशी, बघा, किती हलकं वाटतंय! ओळख ना पाळख, पण...

काय सिस्टर? हो, बसलेच आहे ना मी! पाय? सैल आहेत, बघा! काय... बोलायचंही नाही? बोललं की प्रेशर वाढतं? अहो, मग हे आधी सांगायचं ना! म्हणजे मोजायच्या आधी पुन्हा पहिल्यापासून बसू? तोंड मिटून?

घ्या. गप्प बसले की भीती वाटते, आणि बोलले की प्रेशर चढतं. बरं, बसते गप्प. बाळासाठी तेही करते. पण तुम्ही तरी बोला ना हो ताई... काहीही बोला... मी नुसती मान हलवीन.