निकेलच्या पट्टीवर बाबांचा नारळ

हसू नका, पण माझ्या प्रयोगाची सगळ्यात कडक परीक्षा आमच्या बाबांनी घेतली, परळच्या खोलीत. कॉलेजात मी पत्र्याच्या पट्टीवर निकेलचा थर चढवला होता. केसाहून पातळ, आतली रचना काचेसारखी, म्हणून कडक पण ठिसूळ. सुट्टीनंतर सरांना दाखवायची म्हणून पट्टी घरी आणली. नेमका दसरा! आंघोळ करून येतो तर पट्टी पाटावर, तिला हळदकुंकू, झेंडू, आणि बाबांनी तिच्यावरच नारळ आपटून फोडलेला. पट्टी वाकली, थराला भेगा पडल्या.

"बाबा, काय केलंत हे!"

"गिरणीत दसऱ्याला मागासमोर नारळ फोडायचो रे. संपात माग गेला. त्यानंतर घरात पूजा करण्यासारखं हेच तर आलं."

सुट्टी संपल्यावर तीच पट्टी सरांना दिली. त्यांनी भिंगाखाली धरली.

"भेगा पडल्यात, पण थर कुठेच सुटला नाही. मस्त चिकटलाय! वाकवलीस कशाने?"

"नारळाने, सर."

मग सगळं सांगावं लागलं. सर पोट धरून हसले. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनीच मला प्रयोगशाळेच्या दारात अडवलं.

"बाबांच्या नारळासाठी नवी पट्टी घेतलीस ना?"