दवाखान्याचे शनिवार

(उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. दातांच्या दवाखान्यातून निघालेले नवरा-बायको अंबरनाथच्या शेअर रिक्षासाठी रांगेत उभे आहेत.)

आकाश : तुझी ट्रीटमेंट दिवाळीच्या आधीच संपली होती म्हणे. डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. येड्यासारखा.

माया : हळू बोल. लोक आहेत.

आकाश : हळूच बोलतोय. मग दर शनिवारी तू जायचीस कुठे?

माया : कॅम्प दोनला. मैत्रिणीच्या दुकानात बसायचे. साड्यांना फॉल लावायला मदत करायचे तिला.

आकाश : आणि घरी येऊन सांगायचीस, हिरड्या अजून सुजल्यात, मॅडम थांबा म्हणतात. माईने अख्ख्या बुवापाड्यात तेच सांगितलं. सुनेची दातांची ट्रीटमेंट चालू आहे, झाली की चान्स घेणार म्हणून.

माया : माहितीये मला.

आकाश : आज मी सोबत आलो नसतो तर?

माया : सोबत यायला तू चप्पल घातलीस तेव्हा वाटलं, बरं झालं. सुटले एकदाची.

आकाश : पहिल्या वेळी मी आत होतो ना तुझ्यासोबत? मॅडमने किती समजावलं. दिवस जायच्या आधीच दात साफ करून घ्या, किडलेले भरून घ्या. तंबाखू दोघांनी लांब ठेवा. त्या दिवसापासून मी पुडीला हात नाही लावला. कंपनीत पोरं हसायची माझ्यावर.

माया : तेच तर बघवत नव्हतं. जेवण झालं की तू ब्रश घेऊन माझ्या शेजारी उभा राहायचास. जोर लावू नको, हलक्या हाताने फिरव, म्हणून दाखवायचास. मला आरशात बघायची पण लाज वाटायची.

आकाश : मग बोलायचं ना तेव्हाच.

माया : रोज ठरवायचे.

आकाश : तुला मूल नकोय का? सरळ सांग. मी ऐकून घेईन.

माया : हवंय रे.

आकाश : मग?

माया : मागच्या वेळी पाचव्या महिन्यात गेलं ना आपलं... तेव्हा माझ्या हिरड्यांतून खूप रक्त यायचं. मी कोणाला बोलले नाही. पोटात बाळ असताना दाताच्या डॉक्टरकडे जायचं नसतं, असं ऐकलं होतं. मॅडम म्हणाल्या, उलट तेव्हा दाखवायलाच हवं, औषधपाणी करता येतं. ते ऐकलं आणि डोक्यात बसलं, की मीच घालवलं त्याला.

आकाश : असं म्हणाल्या त्या?

माया : त्या कशाला म्हणतील. मीच विचारलं, शेवटच्या दिवशी. म्हणाल्या, हिरड्यांचा आजार आणि बाळ वेळेआधी येणं, यांचा काही बायकांमध्ये संबंध दिसतो. पण तुमचं त्यामुळेच गेलं, असं कुणीच सांगू शकत नाही.

आकाश : मग झालं तर.

माया : नाही झालं. त्यामुळे गेलं नाही, असंही कुणी सांगू शकत नाही ना.

आकाश : पुढे हो, रांग सरकली.

माया : आता पुन्हा तसंच झालं तर? म्हणून म्हटलं, अजून थोडे दिवस. मग अजून थोडे. तुझ्याशी खोटं बोलायची सवयच लागली.

आकाश : रक्त मी पण बघितलं होतं, माया. बेसिनमध्ये. पाणी ओतलं आणि कामाला गेलो.

माया : कधी बोलला नाहीस.

आकाश : काय बोलणार होतो? मला वाटलं, बायकांचं काहीतरी असेल.

माया : माईंना काय सांगायचं?

आकाश : मी सांगतो. दात बरे झाले म्हणून सांगतो. आणि घाई करू नको म्हणतो.

माया : वाईट वाटेल त्यांना.

आकाश : वाटेल. चल, रिक्षा आली.

माया : रागावलायस अजून?

आकाश : हो. तू आत सरक, कडेला मी बसतो.