काळ्या पट्ट्यांचं घर

नाही बन्सीलालभाऊ, अकराच आहेत — बारावा पडदा तो खिडकीला लावलाय, दिसतोय की तुम्हाला. डाग नाही, टीप वाकडी नाही, माल चांगलाच आहे. पण तो आज नाही देणार. शेठला सांगा, डिंडोलीची पडदे शिवणारी बाई आजारी होती. रिंगा कमी पडल्या म्हणा. काहीही सांगा ना — तुमचा टेम्पो नाही का महिन्यातून दोनदा बिघडत!

हसू नका. बसा. बघा तरी काय घर छापलंय — पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडांच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या, उंच उंच धुराडी. शेठ म्हणाले, इंग्लंडातल्या खेड्यातलं आहे, ट्यूडर राजांच्या वेळचं, पाचशे वर्षांचं. मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय — पण खिडक्या एकोणीस आहेत. मी नाही, माझ्या पोरीनं, साक्षीनं मोजल्या, मशीनखाली बसून. चौदाच्या पुढे तिला यायचं नाही, मग मी सांगायची.

साक्षी? ती अमळनेरला, माझ्या जावेकडे. सुषमाताईंना बारा वर्षं मूल नाही. हा झोळीतला तेव्हा पोटात होता — सगळे म्हणाले, तुला दुसरं येतंय, पोरगी त्यांच्या ओटीत घाल, घरातल्या घरातच तर आहे. बळजबरी कोणी केली नाही हो. मीच हो म्हणाले. पण पोरगी उंबरा सोडेना — मग मीच हा छाप दाखवला. म्हटलं, मोठ्या आईचं घर असं आहे बघ, एकोणीस खिडक्यांचं. लगेच चपला घातल्या तिनं. उलट्या घातल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग रोज फोन — मम्मी, इथं ते घर नाही, इथं पत्रे आहेत, खिडकी एकच आहे. मी म्हणायची, पुढच्या गल्लीत असेल, तू शोध. म्हणून आता तोच छाप परत शिवायला आला, तेव्हा एक पडदा लावून ठेवला — आली की म्हणणार होते, हे बघ, घर इथंच होतं, मम्मीच चुकली, चल, आता कुठं जायचं नाही...

काल मीच फोन केला. म्हटलं, घर सापडलं का गं? तर म्हणते, कोणतं घर, काकू?

काकू म्हणाली. मला.

काढा तो पडदा. स्टूल तिकडे आहे. ओढू नका, रिंगा तुटतील. झाले ना बारा? आता जा भाऊ — लेकरू उठेल.