अकरा मिनिटं आणि दमयंतीबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मा. कमलाकांत राऊतसाहेब, मुख्याध्यापिका हंसा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे कामधंदा सोडून आलो त्या आमच्या दमयंती सावे बाई, पामहून, सरावलीहून, पार सफाळ्याहून आलेले पालक, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या वर्गमित्रांनो,

सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो. अध्यक्षसाहेबांनी माझी ओळख 'कॅप्टन दर्पण तामोरे' अशी करून दिली. त्यांचा मोठेपणा. मी कॅप्टन नाही. एक्केचाळीस वर्षांचा झालो, तरी अजून उजव्या खुर्चीवरच बसतो. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. तेही मालवाहू विमानावर. त्यामुळे 'कोणकोणते नट तुझ्या विमानात बसले रे?' या प्रश्नाला माझं उत्तर असतं, गेल्या महिन्यात सहा घोडे होते. त्यांनी काही सही दिली नाही.

हसा, हसा. मी कालच आलोय, अजून शरीर कुठल्या देशात आहे त्याचा पत्ता नाही. बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला बाईंबद्दल बोलायला बोलावलंय. पण बाईंबद्दल बोलायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. निरोपाच्या कार्यक्रमात असं बोलतात का? मला माहीत नाही.

वैमानिकाचा परवाना हातात आला तेव्हा नोकऱ्या नव्हत्या. मी तारापूरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला लागलो. ड्रमवर चिठ्ठ्या लावायच्या, सील तपासायचं. चार वर्षं. अधूनमधून विमान कंपन्यांना अर्ज करायचो. एका मालवाहू कंपनीने दोनदा मुलाखतीला बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. उडवण्याच्या चाचणीत पास, बोलण्यात नापास. 'प्रवासी विमान सोडून माल का?' असं विचारलं की मी पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणायचो.

दुसऱ्या नकारानंतर बोईसरच्या बाजारात आमच्या इंग्रजीच्या बाई भेटल्या आणि त्यांनी माझी हकीकत ऐकली. म्हणाल्या, "रविवारी दुपारी घरी ये."

गेलो. बाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी माझं उत्तर म्हणून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. आता तो कागद खाली ठेव. काल शिफ्टमध्ये काय झालं ते सांग मला, इंग्रजीत."

मी म्हणालो, "अ ड्रम वॉज ब्रोकन."

"कोणी फोडला?"

"बाई, माझ्याच हातून पडला."

"मग तसं सांग की! वाक्यातून कर्ता कुठे पळाला?"

सात महिने, दर रविवारी. तिसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला, माल का? मी म्हणालो, चार वर्षं मी ड्रमवर परदेशांची नावं चिकटवतोय, ते ड्रम पुढे कुठे जातात ते मला बघायचंय. समोरचे तिघं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. नोकरी मिळाली.

ड्रम कुठे जातात ते बघितलं. बारा वर्षं बघतोय. सगळीकडची गोदामं सारखीच असतात हो. कुठल्याही शहरात उतरलं तरी विमानतळ, गाडी, हॉटेल, जाड पडदे. बाहेर दुपार असताना झोपायचं आणि झोप आली नाही तर छताकडे बघत राहायचं. माझी मुलगी मेघाली फोनवर विचारते, "बाबा, तुमच्याकडे आत्ता आज आहे की काल?" मला खिडकीतून बघून सांगावं लागतं. कधीकधी बघूनही सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठ तासांचं उड्डाण, आम्ही दोघंच. त्याआधीच्या दहा दिवसांत मी सलग चार तास असा एकदाच झोपलो होतो. सकाळचे सव्वानऊ, कॉकपिटमध्ये ऊन पसरलेलं. कॅप्टनसाहेब मला म्हणाले, "मी थोडा डोळा लावतो, तू बघ." असं आळीपाळीने झोपायला नियमात परवानगी आहे, एक जण जागा असला म्हणजे झालं. जागं राहायचं काम माझं होतं.

आणि मी झोपलो.

जाग आली ती रेडिओवरच्या एका परक्या वैमानिकाच्या आवाजाने. खालचे नियंत्रक आम्हाला पाच वेळा हाका मारून थकले होते, म्हणून त्यांनी दुसऱ्या विमानाला आम्हाला शोधायला सांगितलं होतं. घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. विमान आपोआप सरळ चाललं होतं, कुणाला काही झालं नाही.

उतरल्यावर कॅप्टनसाहेब म्हणाले, "रेडियो में गड़बड़ थी. बस, इतना लिख दे. मेरे दो-तीन साल बचे हैं." ते वाईट माणूस नव्हते. आजही नाहीत. म्हणून त्यांचं नाव घेत नाही.

हॉटेलवर अहवालाचा फॉर्म समोर ठेवून बसलो. कॅप्टनपदाच्या यादीत माझं नाव लागलं होतं, पुढच्याच महिन्यात प्रशिक्षण होतं. लिहिलं, 'संपर्क खंडित झाला होता.' मग काय वाटलं कोण जाणे, बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, एक वाक्य बघता का?" आणि वाचून दाखवलं.

बाईंना विमानातलं ओ की ठो कळत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे. पण कर्ता कोण रे?"

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दर्पण, जेवलास का?"

मी फोन ठेवला आणि पहिलं वाक्य खोडून तीन शब्द लिहिले. आय फेल अस्लीप. मी झोपलो.

पुढे काय व्हायचं ते झालं. चार महिने मला घरी बसवलं. यादीतून नाव गेलं. विमानाची जबाबदारी त्यांची, म्हणून कॅप्टनसाहेबांनाही ताकीद मिळाली, त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "अपना सच लिखा, ठीक है. मेरा क्यों?" त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. गावात कुणी म्हणालं, दारू प्यायला असेल. माझे वडील जन्मभर समुद्रावर गेलेले. ते चौकात म्हणाले, "बोटीवर मानूस झोपला तर आमी त्याला उठवतो. घरी नाय पाठवत."

चौकशीत माझं दहा दिवसांचं वेळापत्रक निघालं. ते बघून आणखी नऊ जणांनी लिहून दिलं की आम्हीही झोपलो होतो. नऊ जण! मला वाटत होतं मी एकटाच आहे. वर्षभराने त्या मार्गावर तिसरा वैमानिक द्यायला सुरुवात झाली. माझं नाव मात्र यादीत परत आलेलं नाही. येईल की नाही, माहीत नाही. खरं सांगू? कधीकधी वाटतं, लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्या कॅप्टनसाहेबांचं शेवटचं उड्डाण होतं. सोबतीला त्यांनी मला मागून घेतलं. चार तास कामापुरतंच बोललो. मग ते समोर बघतच म्हणाले, "जा, पीछे जाके सो जा. मैं जाग रहा हूँ." मी मागे गेलो. पाठीमागे एक अरुंद बिछाना असतो. आडवा झालो. झोप लागली नाही, पण रडू आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

असो. बाईंकडे येतो.

परवा मी बाईंना फोनवर विचारलं, भाषणात काय बोलू? म्हटलं, सगळे सांगणार की बाई अजून तितक्याच उत्साही आहेत, अजून दहा वर्षं सहज शिकवतील. बाई म्हणाल्या, "तसलं काही बोलू नकोस. चौतीस वर्षं उभी राहिलेय फळ्यासमोर. माझे गुडघे गेलेत, आवाज बसलाय. मी दमलेय रे."

तर अध्यक्षमहाराज, मी या सभागृहात जाहीरपणे सांगतो. आमच्या बाई दमल्या आहेत. आमच्यासारख्यांना शिकवून दमल्या आहेत. त्यांना उद्यापासून कुणी 'फक्त एक अर्ज बघा' म्हणून त्रास देऊ नये. मीसुद्धा देणार नाही.

बाई, मान हलवून नाही म्हणू नका. मला इथून दिसतंय.

शाळेने बोलावलं, आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक कार्यक्रमाची नाही, शाळेची नाही. ती मी केली. मला क्षमा करा.

नमस्कार.