सहाशे बारा चिठ्ठ्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मुख्य संपादक सर, सरांच्या पत्नी म्हणजे पहिल्या रांगेतल्या आमच्या काकू, आणि एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी घडवलेल्या भाषेच्या वेडापायी सुट्टीच्या दिवशीही हे सभागृह भरवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मला भीती वाटतेय. दोन मिनिटं गोड बोलून खाली बसायचं ठरलं होतं. तेवढं जमलं असतं तर किती बरं झालं असतं!

आमच्या मराठी-एस्पेरांतो शब्दकोशाचं काम चिठ्ठ्यांवर चालतं, हे आपण जाणताच. एका चिठ्ठीवर एक शब्द. मी लिहायचं, सरांनी वाचून लाल खूण करायची. खुणेशिवाय चिठ्ठी पेटीत जात नाही. नकारार्थी शब्द आले की सर डोळ्यांत तेल घालून बसायचे. नवीन होते तेव्हा ‘ओसाड’ शब्दापुढे मी बेधडक ‘मलहोमा’ लिहिलं. ‘होमो’ म्हणजे माणूस, एवढंच मला ठाऊक.

सर म्हणाले, “अगं, ‘मल’ लावलंस की अर्थ थेट उलटा होतो. तू गावाला क्रूर करून टाकलंस! ‘नेहोमा’ म्हणजे जे माणूस नव्हे ते. इथे माणसं निघून गेलीत ना? मग ‘सेन’, म्हणजे ‘विना’, लाव: ‘सेनहोमा’. आधी गाव डोळ्यांसमोर आण, उपसर्ग मागाहून.”

त्या वर्षी एकेक चिठ्ठी तीन-तीनदा परत यायची. मी रडायचे, काकू चहा पाजायच्या. पुढे चिठ्ठ्या परत येईनाशा झाल्या. मला वाटलं, चला, शिकलो आपण. मग गेल्या वर्षी एका गठ्ठ्यात चुकून कोरी चिठ्ठी गेली. संध्याकाळी आली, तेव्हा तिच्यावर ठळक लाल खूण होती.

सर, तुम्ही मान वर केलीत. माफ करा, पण आता थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

त्या दिवशी मला कळलं, सरांना अक्षर दिसत नाही. मी कुणाला सांगितलं का? नाही, मूग गिळून गप्प बसले. सर गेले तर ‘मल’, ‘ने’ की ‘सेन’ हे एकटीला ठरवावं लागेल, याची धास्ती. आणि गंमत बघा, तेव्हापासून एकटीच ठरवत होते. अशा सहाशे बारा चिठ्ठ्या झाल्या.

गेल्या मंगळवारी छपाईआधीची मुद्रितं चाळताना ‘असहाय’ शब्द दिसला. पुढे मी लिहिलेलं ‘मलहेल्पा’, म्हणजे आडकाठी करणारा! हवं होतं ‘सेनहेल्पा’. परक्या शहरात आजारी पडलेला कुणी आमचा कोश उघडून सांगेल, की मी तुमच्या कामात खोडा घालणारा आहे. कोण थांबेल त्याच्यापाशी? अशा आणखी किती चुका असतील? मला माहीत नाही, आणि उद्या सकाळी छपाई सुरू होतेय.

मी काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “निरोप तेवढा होऊ दे गं. चारचौघांत त्यांचं हसं नको.” काकू, मी हो म्हटलं होतं, आणि आता शब्द मोडतेय.

छपाई थांबवायला मुख्य संपादकांची सही लागते, आणि सर आजचाच दिवस त्या पदावर आहेत. आज दुपारी तसं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. काय आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. हसून पेन उघडलं आणि म्हणाले, “कुठे करू सही?” जागा दाखवली असती तर काम झालं असतं, पण तीही कोऱ्या चिठ्ठीवरची खूणच ठरली असती. मी पत्र ओढून घेतलं आणि पळाले. तिथे, दोघांतच सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्यादेखत सांगतेय. हाही माझा भित्रेपणाच.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. चिठ्ठ्यांमधलं मात्र घालू नका. सर, पत्र चार ओळींचं आहे. मी ते मोठ्याने वाचते. पटलं तरच सही करा.