सारिकाचं दूध आणि खाजेची गोळी

...मूल रडलं की घाबरतात हो लोक, पण तुम्हाला सांगतो, आमची श्रिया रडायची थांबली तेव्हा माझं... म्हणजे मी घाबरलो नव्हतो, मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, भूकंप-वादळं रोज फळ्यावर काढतो, नुसत्या चपला जरा उलट्या पायांत घातल्या होत्या.

झालं काय, सारिका, आमची ही, गेली माहेरी देवगडला, तिथे हातावर आंब्याचा चीक उडाला, पुरळ उठलं, खाजवून खाजवून जीव नकोसा, म्हणून कोणीतरी दुकानातून खाजेची गोळी आणून दिली. आता ही बाळंतीण आहे, दोन महिन्यांचं मूल अंगावर पितंय, हे दुकानदाराला सांगायचं कोणाला सुचावं? खाज थांबली, बाई धामापूरला घरी परतली ती पेंगतच, आणि दूध आटत चाललं. श्रिया ओढतेय, सोडतेय, किंचाळतेय, मग किंचाळूनही दमली. एरवी आमच्या दोरीवर लंगोटांची रांग, त्या दिवशी भिजले दोनच. ते दोन लंगोट मी चार वेळा मोजले. पण घाबरलो नव्हतो हां!

आई म्हणते, "दिष्ट लागली हा. मीठ-मिरची ओवाळतंय."

सारिका डोळे पुसत म्हणते, "ओवाळा, पण माका सांगा, माझा दूध खंय गेला?"

आता ह्याचं उत्तर भूगोलात कुठे आहे?

रिक्षा केली, गाठला कसालचा दवाखाना. वाटभर मी बाळाच्या नाकाशी बोट धरून... रिक्षावाला गंगाराम आरशातून बघत म्हणाला, "सर, ता श्वास घेता. तुमी घेवा."

डॉक्टर प्राजक्ताबाईंनी वजन केलं, वाटी-चमच्याने बाळाला आधी पाजून घेतलं आणि मग गोळीचं पाकीट बघितलं.

"खाज सुटते ती हिस्टामिनमुळे," त्या म्हणाल्या. "कातडीत ते छळतं, पण मेंदूत त्याला कामं आहेत. आपल्याला जागं ठेवतं. शिवाय मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, हार्मोन बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांना ते डिवचतं. बाळ ओढायला लागलं की त्या पेशी ऑक्सिटोसिन सोडतात आणि दूध उतरतं. ही गोळी मेंदूत शिरून डिवचणाऱ्यालाच गप्प करते. त्यात आई पेंगलेली, पाजणंही कमी. गोळीनेच झालं असं छातीठोक नाही सांगत, पण आधी ती बंद."

"म्हणजे मेंदू बिघडला?" मी विचारलं.

"कोणाचा?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

गोळी बदलली, पेंग न आणणारी दिली. पण दूध काय नळाचं पाणी आहे, लगेच यायला? सारिका श्रियाला सारखी छातीशी धरायची, अधूनमधून वाटी-चमचा, आणि मी दारात उभा... घाबरलेला नाही, उभा. मग एका सकाळी आतून गटागट गिळल्याचा आवाज आला, आणि सारिका हळूच म्हणाली, "दूध इला." मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि घोट मोजायला लागलो.

पुन्हा दाखवायला सगळे गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता छान आहे. पण धास्तीनेही दूध अडतं बरं का. घरात सगळ्यात भित्रं कोण असेल, त्याला पाजताना बाहेर बसवा."

आई, सारिका, रिक्षावाला गंगाराम, तिघांनीही कोणाकडे बघितलं असेल, सांगा. तेव्हापासून श्रियाला भूक लागली की मी घरापुढच्या खळ्यात, उन्हात... आणि पोरीला भूक, तुम्हाला सांगतो, दर दोन तासांनी लागते.