पिशवी

२००४ साली इंदिरानगरच्या एका दातांच्या दवाखान्यात दोन पोलीस माझ्या शेजारी बसले होते. गाल सुजलेला शेवाळे हवालदार बोलत होता आणि निवृत्त झालेले अण्णा ऐकत होते.

“अण्णा, इद्रिस गवंड्याच्या झडतीत अरबी कागद सापडला. आमच्यात वाचता कुणालाच येईना.”

“मग पंचनाम्यात काय लिहिलंस?”

“आक्षेपार्ह मजकूर.”

“न वाचता?”

“साहेब म्हणाले लिही, मी लिहिलं.”

“आणि तो काय म्हणत होता?”

“मी वाचून दाखवतो म्हणायचा. सहा वर्षं सौदीत, दम्मामला होता ना. पण आरोपीनंच वाचलेलं कसं चालणार?”

“मग?”

“मुंबईला पत्र धाडलं. तिथंही वाचणारा एकच. तो नवव्या दिवशी आला. तोवर इद्रिस आमच्या कोठडीत.”

“काय निघालं कागदात?”

“त्याच्या भावाच्या दफनाचा दाखला. भाऊ तिकडंच वारला होता.”

“अरे देवा.”

“सोडलं मग. साहेब म्हणाले, बरा माणूस सापडला, आता असले कागद या इद्रिसलाच दाखवत जाऊ. काल एक अरबी वही आली, तर मला त्याला आणायला धाडलं.”

“आला?”

“मला दारात बघितलं त्यानं. चपला घातल्या अन् बायकोला म्हणाला, ‘नौ दिन के कपडे दे.’”

“अरे, वाचायला बोलावलंय म्हणून सांगायचंस ना!”

“सांगितलं, अण्णा. दोनदा सांगितलं.”

“मग?”

“हो म्हणून मान हलवली त्यानं. पण पिशवी घेतलीच बरोबर.”